अ‍ॅनिमे मॉडेल किट: कोणतं घ्यायचं आणि रंगवायचं कशाने?

पहिलं किट घ्यायचं ठरलं की दोन प्रश्न पुढ्यात येतात. कोणतं घ्यायचं, आणि रंगवायचं कसं. बहुतेक जण पहिल्या प्रश्नावर महिनाभर डोकं खाजवतात आणि दुसऱ्याला पाच मिनिटंही देत नाहीत. माझ्या मते हे उलटं व्हायला हवं. किट चुकलं तर दोन-चार संध्याकाळी वाया जातात. रंगवायची पद्धत चुकली तर सगळं सामान माळ्यावर जातं आणि त्याच्यामागोमाग छंदही.

एचजी, आरजी की एमजी

गंडम ही महाकाय रोबोटांची जपानी अ‍ॅनिमे मालिका १९७९ची, आणि बंदाई या खेळण्यांच्या कंपनीचं तिच्यावरचं पहिलं १/१४४ किट (म्हणजे कथेतल्या उंचीच्या १४४व्या भागाएवढं) १९८०चं. त्याला गोंदही लागायचा आणि रंगही. आताची किट बोटांनी दाबून बसतात आणि प्लास्टिकच रंगीत असतं. त्यामुळे रंगवणं ही आता सक्ती नाही, हौस आहे.

कथेतला मूळ गंडम १८ मीटर उंच. म्हणजे १/१४४ मध्ये तो साडेबारा सेंटिमीटर भरतो, १/१०० मध्ये १८ आणि १/६० मध्ये ३०. बंदाईच्या किटच्या श्रेण्यांत एचजी (हाय ग्रेड) आणि आरजी (रिअल ग्रेड) दोन्ही १/१४४, एमजी (मास्टर ग्रेड) १/१००, पीजी (परफेक्ट ग्रेड) १/६०. नवख्याची गफलत इथेच होते. आरजी एचजीएवढाच दिसतो, म्हणून तेवढाच सोपा असेल असं वाटतं. प्रत्यक्षात २०१०मध्ये आलेल्या या श्रेणीत एमजीचं बारीक काम अर्ध्या जागेत कोंबलेलं आहे. काही तुकडे करंगळीच्या नखाहून लहान. निपरमधून (तुकडे कापायची छोटी पक्कड) एखादा उडाला की फरशीवर रांगायची तयारी ठेवा. बऱ्याच आरजींचा आतला सांगाडा जोडलेल्या अवस्थेतच साच्यातून येतो. तुकडे जिला चिकटून येतात त्या प्लास्टिकच्या फ्रेममधून कापून काढला की गुडघे-कोपरं लगेच हलायला लागतात. पहिल्यांदा बघताना गंमत वाटते, पण सारखी पोज बदलणाऱ्याच्या हातात हे सांधे लवकर सैल पडतात.

एमजीत तुकडे जास्त, पण मोठे. आत सांगाडा, वर चिलखत. बैठक मारायची सवय असेल तर एमजी हा आरजीपेक्षा सोपा आहे, लोक काहीही म्हणोत. रंगवणाऱ्यालाही तोच सोयीचा, कारण वेगळ्या रंगाचे भाग बहुतेक वेगळेच येतात आणि टेप लावून झाकाझाकी कमी करावी लागते. एचजीत तेच बारीक रंग बऱ्याचदा स्टिकरवर भागवलेले असतात. तरीही पहिलं किट एचजीच घ्या. ते एक-दोन बैठकांत उभं राहतं, आणि बिघडलं तरी जिवाला लागत नाही. पीजी पहिल्या खेपेला नको, एवढंच.

रोबोटांत रस नसेल तर कोतोबुकिया कंपनीची मेगामी डिव्हाइस किंवा बंदाईची ३० मिनिट्स सिस्टर्स ही मुलींच्या पात्रांची किट आहेत. चेहरे छापूनच येतात, त्यामुळे डोळे रंगवायची धास्ती नाही. पण कातडीच्या रंगाच्या प्लास्टिकवर कापल्याची पांढरी खूण फार उठून दिसते. इथे निपर दोनदा चालवायचा. आधी लांबून कापायचं, मग उरलेला खुंट, आणि शेवटी पॉलिशपेपरने ६००, ८००, १००० असं चढत जायचं.

रेझिनची गॅरेज किट (छोट्या निर्मात्यांनी साच्यात ओतून काढलेली) हा निराळाच मामला. भाग आधी भांड्यांच्या साबणाने धुवावे लागतात, नाहीतर साच्यातल्या तेलकटपणामुळे रंगाचे पोपडे निघतात. सांध्यात भोक पाडून पितळी तार घालावी लागते. घासायचं तेही ओलं करूनच, कारण ती धूळ फुप्फुसात जायला नको. आणि डोळे स्वतः रंगवायचे! त्याची एक जुनी युक्ती आहे. खालचा रंग लॅकरचा (झटकन वाळणारा, उग्र वासाचा रंग) द्यायचा आणि डोळ्यांची रेघ इनॅमलने (सावकाश वाळणारा तेलकट रंग) ओढायची. हात हलला तर इनॅमलच्या थिनरने रेघ पुसली जाते आणि खालचं लॅकर जागचं हलत नाही. पाच-सहा प्लास्टिकची किट हाताखालून गेल्याशिवाय मात्र मी हे कुणाला सुचवणार नाही.

ब्रश, स्प्रे कॅन की एअरब्रश

आता खरा निर्णय. हा हातातल्या कौशल्यावर कमी आणि तुमच्या जागेवर जास्त ठरतो.

ब्रश आणि पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग हे कुठल्याही टेबलावर जमतं. वास नाही, आवाज नाही, आवरायला पाच मिनिटं. तक्रार एकच, ब्रशचे फराटे. ते दोन कारणांनी पडतात. रंग जाड असतो, किंवा अर्धवट वाळलेल्या रंगावर आपण राहवत नाही म्हणून परत ब्रश फिरवतो. पातळ रंगाचे तीन-चार हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. पहिला हात भयंकर दिसतो, तिकडे दुर्लक्ष करा. पिवळा आणि पांढरा गडद प्लास्टिकवर मात्र हट्टाने पारदर्शक राहतात. तिथे ब्रशने झटापट करण्यात अर्थ नाही.

स्प्रे कॅन वीसेक सेंटिमीटरवरून मारायचा, फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. जवळून मारला की ओघळ येतात. एकरंगी मोठा भाग, प्रायमर (रंगाआधीचं अस्तर) आणि शेवटचा मॅट थर यांसाठी याला तोड नाही. पण मनासारखी छटा मिसळता येत नाही, आणि दमट हवेत मॅट थरावर पांढरट धुकं चढतं. एका पावसाळी संध्याकाळी घाईघाईने मारलेल्या थराने माझा काळा रोबोट राखेत लोळल्यासारखा झाला होता.

एअरब्रशचा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेने रंग फवारणाऱ्या पेनाचा, परिणाम बघितला की बाकी सगळं फिकं वाटतं, हे मान्य. ०.३ मिमीची नोझल, दुधाइतका पातळ केलेला रंग, १५ ते २० पीएसआय दाब. खटका खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. कडा गडद ठेवून मध्यभागी उजळ छटा आणायची तर हाच हवा. पण चार रंगांच्या रोबोटमागे चार वेळा सफाई आली. सुई काढा, कप पुसा, थिनर मारा. लॅकर वापरणार असाल तर धूर बाहेर फेकणारा पंखा आणि रासायनिक वाफा अडवणारा मास्क हवाच. साधा धुळीचा मास्क वाफा थांबवत नाही. कॉम्प्रेसर कायम मांडून ठेवता येईल असा कोपरा नसेल तर एअरब्रश घेऊ नका. दर वेळी काढा-ठेवा करावी लागली की माणूस तिसऱ्या आठवड्यात कंटाळतो.

आणि यातलं काहीच नको असेल तर? खाचांमध्ये काळी-करडी रेघ भरा आणि वरून मॅट थर द्या. प्लास्टिकची खेळण्यासारखी चकाकी गेली की रंग न देताही निम्म्याहून अधिक काम झालेलं असतं. माझे अर्धेअधिक रोबोट असेच आहेत. फक्त रेघ भरायला इनॅमल वापरत असाल तर सांभाळून. ते एबीएस (सांध्यांसाठी वापरतात ते कडक प्लास्टिक) या प्लास्टिकच्या घट्ट बसलेल्या सांध्यात झिरपलं तर भाग तडकतो. माझ्या एका एमजीचा घोटा रात्री धडधाकट होता, सकाळी दोन तुकड्यांत. आता मी भाग सुटे करूनच रेघा भरतो, नाहीतर मार्कर वापरतो.

किटमधली उरलेली फ्रेम टाकू नका. ती त्याच प्लास्टिकची असते, म्हणून कोणताही नवा रंग आधी तिच्यावर मारून बघता येतो. माझ्या डब्यातल्या एका फ्रेमवर लाल रंगाचे सात पट्टे आहेत. सातही वेगवेगळ्या तऱ्हेने फसलेले.