हाड भरलंच नव्हतं, पैसे मात्र ८४,००० घेतले

जबड्याचा सीबीसीटी स्कॅन (थ्रीडी एक्स-रे) २,५००. ग्राफ्टच्या, म्हणजे जबड्यात भरायच्या हाडाच्या दाण्यांच्या, तीन बाटल्या, प्रत्येकी १४,०००. वरून झाकायचा पडदा ९,५००. इम्प्लांटचा, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम दाताचा, ॲडव्हान्स ३०,०००. एकूण ८४,००० रुपये, सगळे रोख.

डावी दाढ काढून वर्ष झालं होतं. पुण्यातल्या त्या दवाखान्यात सांगितलं, "हाड झिजलंय, ग्राफ्टशिवाय इम्प्लांट टिकणार नाही." दाढ गेली की हाड झिजतं हे खरंच आहे, म्हणून पटलं.

पण स्क्रीनवरच्या स्कॅनमध्ये उजवीकडची शेवटची दाढही नव्हती. माझी ती शाबूत आहे! खुर्चीत बसल्या बसल्या जीभ लावून पाहिली मी. तरी गप्प बसले. वाटलं, यंत्रातलं आपल्याला काय कळतंय. वीस वर्षं पतसंस्थेत कॅशियर आहे, सही जुळली नाही तर शंभर रुपये हातचे सोडत नाही, आणि इथे दुसऱ्याच कुणाचा जबडा दाखवला तरी तोंड उघडलं नाही.

हिरडी खरोखर कापली, टाके घातले, आठवडाभर गाल सुजला होता. कुणालाही खरंच वाटलं असतं. मग "हाड धरायला सहा महिने लागतात." हेही शास्त्राला धरूनच, आणि यांचा सगळा डाव त्या थांबण्यावरच चालतो. पाचव्या महिन्यात गेले तर कुलूप. फोन बंद.

दुसरीकडे स्कॅन काढला. हाडाची रुंदी ८ मिलिमीटर, उंची १४. ग्राफ्टची गरजच नव्हती. ग्राफ्टमधले गाईच्या हाडाचे दाणे इतक्यात विरघळत नाहीत, स्कॅनमध्ये दिसतात. माझ्या जबड्यात एकही नाही. (गाईचं हाड म्हणून सासूबाईंपासून लपवलं होतं मी!)

मूळ स्कॅनची फाइल पेनड्राइव्हवर मागाच, तिच्यात नाव आणि तारीख असते.

पोलीस म्हणाले, "मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे." डॉक्टरांविरुद्ध तक्रार घेणाऱ्या ऑफिसात म्हणाले, तज्ज्ञाचा अहवाल आणा. नवे डॉक्टर तोंडी सगळं सांगतात, लिहून द्यायला तयार नाहीत. चार हेलपाटे, चार रजा, अर्जाची साधी पोचसुद्धा नाही. वर एका साहेबांनी मलाच विचारलं, "रोख कशाला दिलेत?" चोर सोडून माझीच चौकशी!

ग्राफ्टची बाटली तुमच्यासमोर फोडायला लावा. लॉट नंबरचं स्टिकर तुमच्या फाइलला लागलंच पाहिजे, इम्प्लांटचंही. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, पण मुदत दोनच वर्षांची आहे. मी तिथेच तक्रार दाखल करतेय. माझ्या बिलावर नुसतं 'दंतोपचार' लिहिलंय. कुणाकडे असलं बिल असेल तर फेकू नका.