हामोकेद : कैदी कुठे आहे, हे शोधून देणारी सेवा

जेरुसलेममध्ये हामोकेद नावाची मानवाधिकार संस्था आहे. 1988 मध्ये, पहिल्या इंतिफादाच्या, म्हणजे इस्रायलच्या ताब्याविरुद्धच्या पॅलेस्टिनी उठावाच्या धामधुमीत ती सुरू झाली. इस्रायली सैन्याने उचलून नेलेला पॅलेस्टिनी माणूस नेमका कुठल्या तुरुंगात किंवा कुठल्या छावणीत आहे, हे त्याच्या घरच्यांना शोधून देणं हे तिचं जुनं आणि मुख्य काम. त्या कामाची कागदपत्रं, कोर्टातल्या याचिका आणि दर महिन्याचे आकडे ती आपल्या वेबसाइटवर ठेवते. पैसे लागत नाहीत. हिब्रू, अरबी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत ती वाचता येते. मी अमळनेरला फौजदारी वकिली करते, विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर रिमांडची कामं बघते आणि ही साइट नियमाने वाचते. वकील मित्रमैत्रिणींनी आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ती वाचावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

पॅलेस्टिनी कैद्यांविषयी आपल्याकडे बोलणं झालं की ते मारहाण, उपासमार, मृत्यू यांवर जातं. ते बरोबरच आहे, त्याकडे मी येईनच. पण हामोकेदने सुरुवात फार साध्या प्रश्नापासून केली. माणूस कुठे आहे? हे कळल्याशिवाय बाकीचे सगळे हक्क कागदावरच राहतात. वकीलपत्रावर सही घ्यायची तर ज्याची घ्यायची तो कुठल्या लॉकअपमध्ये आहे हे आधी कळावं लागतं. जामिनाचा अर्ज, औषधं, भेट, तक्रार हे सगळं त्या सहीनंतर.

मागे पारोळा तालुक्यातली एक माउली माझ्याकडे आली होती. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात घडी घातलेला शर्ट आणि पोराच्या आधार कार्डाची झेरॉक्स. "मना आंडोर कोठे शे, ताई?" एवढंच ती परत परत विचारत होती. ज्या पोलीस ठाण्यात ती गेली तिथे "इथे असा कोणी नाही" म्हणून तिला परत पाठवलं होतं. पोरगा शेजारच्या ठाण्याच्या लॉकअपमध्ये निघाला. दुसऱ्या दिवशी चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर आणावंच लागलं, कारण घटनेचं कलम 22 तसं सांगतं. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाने 1996 मध्येच अटकेची खबर नातेवाइकाला देणं बंधनकारक केलं आणि आता नागरिक सुरक्षा संहितेत अटक केलेल्यांची नावं ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात लावण्याची तरतूद आहे. पाळलं जात नाही तिथे आम्ही भांडतो. भांडायला पायाखाली कायद्याची जमीन तरी असते.

वेस्ट बँकेत, म्हणजे इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी प्रदेशात, ही जमीनच वेगळी आहे. 1967 पासून तिथल्या पॅलेस्टिनी माणसावर लष्करी आदेशांचं राज्य आहे आणि खटला ओफर किंवा सालेमच्या लष्करी न्यायालयात चालतो. न्यायाधीश गणवेशात, सरकारी वकील गणवेशात. कामकाज हिब्रूत, अरबीत सांगायला एक सैनिक उभा. त्याच टेकडीवर पलीकडच्या वसाहतीत राहणाऱ्या इस्रायली नागरिकाने तोच गुन्हा केला तर त्याचा खटला इस्रायलच्या नागरी न्यायालयात जातो. वसाहतीतल्याला साधारण चोवीस तासांत न्यायाधीश दिसतो, तर पॅलेस्टिनी माणसाला सुरक्षेच्या गुन्ह्यात, 2023 च्या गाझा युद्धाच्या आधीसुद्धा, चार चार दिवस थांबावं लागायचं. लष्करी न्यायालयांच्या स्वतःच्याच 2010 च्या अहवालात दोषसिद्धीचं प्रमाण 99.74 टक्के होतं. ज्या न्यायालयातून जवळजवळ कोणीच निर्दोष सुटत नाही तिथे वकील उरतो तो शिक्षेची घासाघीस करायला. बहुतेक प्रकरणं कबुलीच्या तडजोडीवर संपतात त्याचं कारण हेच.

आता साइटवरचा तो तक्ता. माझ्या मते या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. इस्रायलच्या तुरुंग खात्याकडून मागवलेले 'सुरक्षा कैद्यां'चे आकडे दर महिन्याला चार रकान्यांत लावलेले असतात : शिक्षा झालेले, खटला चालू असलेले, प्रशासकीय स्थानबद्ध आणि 'बेकायदा लढवय्ये'. रडारड नाही, विशेषणं नाहीत. तिसरा रकाना बघा. 1 ऑक्टोबर 2023 ला प्रशासकीय स्थानबद्ध होते 1,319. महिनाभरात ते दोन हजारांच्या पुढे गेले आणि 2025 मध्ये आकडा साडेतीन हजारांच्या आसपास राहिला. हे सगळे असे लोक की ज्यांच्यावर आरोपपत्रच नाही. लष्करी कमांडर सहा महिन्यांपर्यंतचा आदेश काढतो, तो संपला की पुन्हा काढता येतो, किती वेळा याला मर्यादा नाही. लष्करी न्यायाधीश आदेश तपासतो खरा, पण पुरावा गुप्त असतो, तो ना कैद्याला दाखवतात ना त्याच्या वकिलाला.

इथे आपल्या वकिलांना एमपीडीए, म्हणजे महाराष्ट्राचा प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा, आठवेल आणि आठवायलाच हवा. जळगाव, धुळ्यात दर थोड्या दिवसांनी कोणीतरी 'एमपीडीएखाली स्थानबद्ध' झाल्याची बातमी येते आणि त्याची रवानगी दूरच्या मध्यवर्ती कारागृहात होते. तिथेही आरोपपत्र नसतं आणि सल्लागार मंडळासमोर वकील उभा करण्याचा हक्क नसतो. मला ते मान्य नाही आणि मी तसं कोर्टात म्हणत आले आहे. तरीही पाच दिवसांच्या आत स्थानबद्धतेची कारणं लेखी द्यावी लागतात. कागद कैद्याला समजणाऱ्या भाषेत दिले नाहीत एवढ्या कारणावर उच्च न्यायालयाने आदेश रद्द केलेले आहेत. बारा महिन्यांवर कोंडता येत नाही. दोन्हीकडच्या कायद्यांचं मूळ एकाच ठिकाणी, इंग्रजांच्या आणीबाणीच्या नियमांत आहे. पॅलेस्टाइनमध्ये त्यांनी 1945 ला केलेले संरक्षण नियम आजही त्या व्यवस्थेच्या पायाशी आहेत. आपण निदान थोड्या भिंती पाडल्या.

चौथा रकाना युद्धाआधी जवळजवळ रिकामा असायचा. 2025 मध्ये तो दोन हजारांच्या पुढे गेला. हे बहुतेक गाझाचे लोक, 2002 च्या एका कायद्याखाली कोंडलेले. ऑक्टोबर 2023 नंतर त्या कायद्यात तात्पुरत्या म्हणून दुरुस्त्या झाल्या : आदेशाशिवाय 45 दिवस ठेवता येऊ लागलं, न्यायाधीशासमोर 75 दिवसांनी नेलं तरी चालू लागलं, वकिलाला महिनोन्‌महिने भेटू न देण्याची मुभा. आम्ही चोवीस तास आणि पंचवीस तास यावर युक्तिवाद करणारी माणसं. पंचाहत्तर दिवस वाचल्यावर मी पान पुन्हा वरून वाचलं होतं.

या तक्त्याची मोठी मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर वाचणारा फसेल. आकडे तुरुंग खात्याचे आहेत. सैन्याच्या स्वतःच्या छावण्यांत ठेवलेले गाझाचे लोक त्यात मोजलेले नसतात. दक्षिण इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातला स्दे तेइमान हा लष्करी तळ तसा. तिथून सुटलेल्यांनी आणि तिथे काम केलेल्या काही इस्रायली लोकांनी डोळ्यांवर पट्टी, सतत बेड्या, मारहाण अशा गोष्टी सांगितल्या. 2024 च्या जुलैमध्ये एका कैद्यावरच्या अत्याचाराच्या संशयावरून राखीव सैनिकांना ताब्यात घेतलं तेव्हा त्यांच्या बाजूने जमाव तळात घुसला, त्यात खासदारही होते. पुढे 2025 मध्ये पाच जणांवर आरोप ठेवले गेले. छळाविरुद्ध इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1999 चा मोठा निकाल आहे. तोही साइटवरच्या याचिकांच्या संदर्भांतून शोधत जाऊन वाचण्यासारखा आहे. मात्र 'गरजेपोटी केलं' हा बचाव त्यात उघडा राहिला.

गाझाच्या कैद्यांचा शोध घेताना ही सेवा किती अडली ते तिच्याच कागदांत दिसतं. वेस्ट बँकेच्या बाबतीत कैदी कुठे आहे याची नोंद ठेवून ती सांगण्याचं बंधन तिने फार पूर्वी कोर्टात भांडून सैन्याकडून मान्य करून घेतलेलं. गाझासाठी मात्र सुरुवातीचे कित्येक महिने उत्तरच नव्हतं. मग बंदी प्रत्यक्षीकरणाच्या, म्हणजे माणसाला कोर्टापुढे आणा म्हणणाऱ्या, याचिका झाल्या. नंतर चौकशीला ईमेलचा एक मार्ग उघडला, तर कित्येक घरांना आलं ते 'अटकेची नोंद नाही'. ज्या आईने हे वाचलं तिने पोराला जिवंत समजायचं की मेलेला?

रेड क्रॉसलाही 7 ऑक्टोबर 2023 पासून या कैद्यांना भेटू दिलेलं नाही, घरच्यांच्या भेटीही बंद. युद्धातल्या नागरिकांविषयीच्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम 143 रेड क्रॉसच्या भेटीचं आहे. कलम 76 सांगतं की व्याप्त प्रदेशातला कैदी त्याच प्रदेशात ठेवावा. तरी बहुतेकांना केत्सिओत, मेगिद्दो, नफ्हा अशा इस्रायलच्या आतल्या तुरुंगांत ठेवलेलं आहे. इस्रायल म्हणतं की हा करार या प्रदेशाला कायद्याने लागूच होत नाही, त्यातल्या मानवी तरतुदी आम्ही आपणहून पाळतो आणि कैद्यांना कायद्यानुसारच वागवतो. पण त्यांच्याच सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये दोन विरुद्ध एक मताने सांगितलं की कैद्यांना पुरेसं अन्न मिळत नाही आणि ते देणं सरकारचं कर्तव्य आहे. इस्रायलच्याच नागरी हक्क संघटनांनी आणलेलं प्रकरण होतं ते. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

हमासने 7 ऑक्टोबर 2023 ला सुमारे 1,200 माणसं मारली आणि 251 जणांना ओलीस नेलं. त्यांच्यापर्यंतही रेड क्रॉसला पोचू दिलं नाही. त्यांच्या आयांनीही तोच प्रश्न विचारला. ओलीस ठेवणं हा गुन्हाच आहे, त्याला कारण चालत नाही. म्हणून दुसऱ्या बाजूच्या हजारो लोकांचे हक्क माफ होत नाहीत. ऑक्टोबर 2025 च्या अदलाबदलीत गाझाचे सुमारे 1,700 लोक सुटले, बहुतेक कुठलाही खटला न चालता.

धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये विनोबा दर रविवारी बोलत आणि साने गुरुजी लिहून घेत, हे खानदेशात शाळेपासून ऐकलेलं. इंग्रजांचा तो तुरुंगच होता, पण कैद्याजवळ कागद आणि लेखणी होती. ऑक्टोबर 2023 नंतर इस्रायली तुरुंगांतून सुटलेले लोक सांगतात की कोठड्यांतून पुस्तकं, रेडिओ, टीव्ही काढून घेतले गेले. अमळनेरची असल्याने मला हे जास्त लागतं.

सेवा म्हणून दोन अडचणी. बरेच निकाल मूळ हिब्रूतच आहेत आणि मराठी-हिंदीत काही नाही. आणि ही साइट गोष्ट सांगत नाही, कागद देते, त्यामुळे वाचणाऱ्याला मेहनत पडते. नव्याने उघडणाऱ्याने आधी महिन्याचा तक्ता घ्यावा, मग प्रशासकीय स्थानबद्धतेचं पान आणि नंतर कैदी शोधण्याच्या जुन्या याचिका. मी तक्त्याची शीर्षकं आणि जिनिव्हा कराराची कलम 66, 71, 76 आणि 143 मराठीत उतरवून वकील संघाच्या ग्रंथालयात ठेवली आहेत. झेरॉक्स काढून न्या, चूक दिसली तर पेन्सिलीने समासात लिहा.