फुलांचा जंगली कांदा: इंदूरच्या गच्चीवर कोणता लावावा?

अ‍ॅलियम म्हणजे कांदा-लसणाचं कुळ; त्यातले काही फुलांसाठी लावतात. बागांच्या फोटोंत दिसणारा फुलांचा तो मोठा जांभळा चेंडू म्हणजे अ‍ॅलियम गायगँटियम. हा मूळचा मध्य आशियातल्या डोंगराळ भागातला. दांडा दीड मीटरपर्यंत जातो आणि टोकाला शेकडो चांदण्यांचा गोळा उमलतो. रूप असं की कुणालाही मोह पडावा, मलाही पडला. पण फूल धरायला त्याच्या कंदाला कित्येक आठवडे सलग कडाक्याची थंडी लागते. इंदुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गार असल्या तरी दुपारी ऊन तापतं. मग कंद फ्रिजमध्ये ठेवावे लागतात, तेही फळांपासून दूर. माझ्या तीन कंदांना नुसती पानं आली. पुढे माळव्याच्या काळ्या मातीत, पावसाळ्यात, ते कुजून गेले. उकरले तर हाताला नुसता लगदा लागला.

दुसरा, अ‍ॅलियम ट्यूबरोसम, चीनकडचा. याची पानं चपटी, गवतासारखी. चुरगळली की लसणाचा वास. पावसाळा सरता सरता पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. जवळून पाहिलं तर प्रत्येक पाकळीवर मधोमध एक बारीक रेघ असते. मधमाश्या तर दिवसभर हटत नाहीत.

लावायलाही सोपा. खाली भोक असलेली कुंडी, निम्मी माती, बाकी जाड रेती आणि शेणखत. दोन-तीन वर्षांनी ठोंब फोडून वेगळे करायचे. पानं थालीपिठात घाला, फार छान लागतात. मात्र फुलं सुकण्याआधी कापा, नाहीतर बी पडून शेजारच्या कुंड्याही तोच बळकावतो.

मी तरी आता ट्यूबरोसमच लावते.