वसतिगृहाचे नेट: जोडणीला चार तारे, सेवेला एक

बेळगाव शहरालगतच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात माझा मुलगा दोन वर्षे राहिला. तेथील वाय-फाय आणि संगणक कक्षाचे शुल्क आम्ही दरवर्षी आगाऊ भरत होतो, म्हणून त्या सेवेविषयी लिहीत आहे.

जोडणी चांगली आहे. खानापूर तालुक्यातील आमच्या गावी पावसाळ्यात मोबाइलला रेंज मिळणे कठीण. वसतिगृहात मात्र वीज गेली तरी नेट चालू राहते.

तक्रार आहे ती शिक्षेविषयी. प्रवेशाच्या वेळी इंग्रजी व कन्नडमध्ये छापलेल्या हमीपत्रावर पालकांची सही घेतली जाते. त्यात ‘नेटवर्कचा गैरवापर’ असा उल्लेख आहे, पण गैरवापर कशाला म्हणायचे आणि कोणत्या चुकीला किती शिक्षा, हे कुठेही लिहिलेले नाही. माझ्या मुलाने आपला पासवर्ड खोलीतल्या मित्राला दिला, ही त्याची चूकच होती आणि ती त्याने पहिल्याच दिवशी लेखी कबूल केली. मित्राने टोरंटवरून चित्रपट उतरवले. नोंदीत नाव माझ्या मुलाचे आले आणि त्याला तीन आठवडे निलंबित करून वसतिगृहातून काढले. कोणत्या लॉगिनवरून किती वाजता वापर झाला, एवढेच सर्व्हरची नोंद सांगते. संगणकासमोर कोण बसले होते, हे ती सांगू शकत नाही. मित्र स्वतःहून सांगायला गेला, तर समितीने त्याला आत घेतले नाही.

कागदावर तीन आठवडे थोडे वाटतात. परंतु विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठात परीक्षेला बसण्यासाठी 85 टक्के उपस्थिती लागते, आणि सोळा आठवड्यांच्या सत्रातले तीन गेले की ती 81 टक्क्यांवर येते. तूट माफ करून घ्यायची, तर शिफारस पुन्हा ज्यांनी निलंबित केले त्याच प्राचार्यांची. मुलाचे सत्र बुडाले.

कार्यालयात आम्हाला माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधील कलम 66 आणि तीन वर्षांची कैद ऐकवण्यात आली. ते कलम बेइमानीने किंवा कपटाने केलेल्या कृत्यालाच लागू होते, हे मी घरी येऊन वाचले. 1988 मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या प्रोग्रॅममुळे हजारो संगणक ठप्प झाले होते. त्यालाही न्यायालयाने तुरुंगात न धाडता तीन वर्षांची देखरेख, 400 तास समाजसेवा आणि 10,050 डॉलर दंड एवढीच शिक्षा दिली. आपल्याकडे केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये, मोबाइलबंदीला विरोध केला म्हणून वसतिगृहातून काढलेल्या विद्यार्थिनीला परत घेण्याचा आदेश दिला.

येथे प्रवेश घेणाऱ्या पालकांनी सही करण्यापूर्वी शिक्षेचे टप्पे आणि दाद मागण्याची मुदत लेखी मागावी, आणि हमीपत्राची मराठी प्रतही मागावी. आम्ही ती मागितली, तेव्हा सही होऊन दोन वर्षे उलटली होती.