तीन जॉ, चार जॉ, कोलेट, सॉफ्ट जॉ: एकाच लेथवर बरेच महिने वापरल्यानंतर

एकाच लेथवर गेले बरेच महिने मी आलटून-पालटून हे चक (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरून फिरवणारी साधनं) वापरतोय: २०० मिमीचा तीन जॉचा (जबड्यांचा) स्क्रोल चक, तेवढाच चार जॉचा इंडिपेंडंट, म्हणजे प्रत्येक जॉ स्वतंत्र हलणारा, आणि ५सी कोलेट (बारला चहूबाजूंनी आवळणारी, चिरा दिलेली नळी) चक. तीन जॉच्या चकचे जॉ दोन तुकड्यांचे आहेत, त्यामुळे वरचे कडक जॉ काढून तिथे सॉफ्ट जॉ, म्हणजे कापून जॉबच्या मापाचे करता येणारे मऊ जॉ, बसवता येतात. यातला चांगला कुठला, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: जॉब एकदा बांधला की पूर्ण होऊनच उतरणार आहे, की मधेच सोडून पुन्हा बांधावा लागणार आहे? पकड, अचूकता, लागणारा वेळ हे सगळं त्या उत्तरावर ठरतं.

तीन जॉचा चक सगळ्यात जास्त वेळ मशीनवर असतो आणि ते बरोबरच आहे. चावी फिरवली की आतली स्क्रोल (सर्पिल खाचेची तबकडी) फिरते आणि तिन्ही जॉ एकदम सरकतात. गोल बार, षटकोनी बार काही सेकंदांत बांधून होतो. माझ्या चकचा रनआउट (फिरताना जॉब किती डुलतो ते) व्यासाप्रमाणे ०.०५ ते ०.०८ मिमी येतो. सगळ्या व्यासांना तो सारखा नसतो, कारण प्रत्येक व्यासाला जॉचे दाते स्क्रोलच्या वेगळ्या भागावर येतात. नवा माणूस हा आकडा बघून चकला नावं ठेवतो. पण बार बांधला, फेसिंग केलं (तोंड सपाट केलं), बाहेरून टर्निंग केलं, ड्रिल आणि बोरिंग केलं (आतलं भोक, म्हणजे बोअर, मापात कापलं) आणि त्याच बांधणीत पार्टिंग करून (कापून वेगळा करून) जॉब उतरवला, तर या आकड्याचा जॉबला काही त्रास नाही. जे जे कापलं ते सगळं स्पिंडलच्याच अक्षाभोवती कापलं गेलं. रनआउट फक्त बारच्या वरच्या काळ्या सालीत दिसतो आणि ती निघून जाते.

जॉब उलटवला की खरी अडचण सुरू होते. डायलवर (जॉबला टेकवून डोल मोजायच्या घड्याळी मापकावर) ०.०८ दिसतं, म्हणजे अक्ष ०.०४ मिमी सरकलेला असतो. दोन्ही बाजूंचे बोअर एका रेषेत हवे असतील तर एवढं पुरे आहे जॉब बाद व्हायला. थोडी सुधारणा फुकटात मिळते: चकवर चावीच्या तीन खाचा असतात, त्यातल्या एकीवर खूण करून शेवटचा कस नेहमी तिथूनच द्यायचा. रनआउट नाहीसा होत नाही, पण दर वेळी जवळपास तेवढाच येतो. जॉ काढून परत घालताना १, २, ३ हा क्रम चुकला तर मात्र जॉ मध्यावर मिळतच नाहीत, हे शिकाऊ मुलांना पहिल्याच दिवशी दाखवावं.

या चकची झीज कशी होते तेही सांगतो. जॉ तोंडाशी जास्त झिजतात, कारण आखूड जॉब नेहमी पुढच्या टोकावरच बांधले जातात. मग लांब बार बांधला की त्याला जॉच्या मागच्या भागात आधार मिळतो आणि पुढे तो सैल राहतो. जड कट घेताना बार हलतो, पृष्ठभागावर चॅटर (थरथरीच्या लाटा) येतं आणि लोक टूलला दोष देत बसतात. बीड (कास्ट आयर्न) कापलं की त्याची काळी भुकटी स्क्रोलमध्ये जाऊन बसते. त्या दिवशी जॉ बाहेर काढून ब्रशने साफ करणं मी चुकवत नाही. नंतर पातळ तेलाचा हात, बस. जाड ग्रीस भुकटीला धरून ठेवतं, असं माझं मत झालं आहे.

पातळ भिंतीच्या रिंगा हा तीन जॉचा सगळ्यात कमकुवत विषय, आणि इथे फसगत लवकर कळत नाही. तीन जागी दाबलेली रिंग किंचित त्रिकोणी होते. त्या दाबातच आपण बोअर गोल कापतो. चक सैल केला की रिंग मूळ जागी येते आणि बोअर त्रिकोणी होतो. दोन टोकांनी मोजणारं मोजमाप हे पकडू शकत नाही. तीन फुगवट्यांच्या आकारात एका फुगवट्यासमोर बरोबर खोलगट भाग येतो, त्यामुळे कुठूनही मोजलं तरी व्यास सारखाच भरतो. बाहेरचा व्यास असेल तर जॉब व्ही-ब्लॉकमध्ये ठेवून वर डायल लावायची आणि जॉब फिरवायचा. बोअरला तीन टोकांचा इंटर्नल मायक्रोमीटर वेगवेगळ्या कोनांत लावून बघायचा. मायक्रोमीटर बरोबर दाखवतोय आणि बेअरिंग मात्र एकाच बाजूला अडतंय, असं झालं तर आधी हे तपासावं.

चार जॉच्या चकवर माझा सर्वात जास्त विश्वास आहे. प्रत्येक जॉला स्वतंत्र स्क्रू, म्हणून चौकोनी, वेडावाकडा, ओतीव असा कुठलाही जॉब धरतो. तीन जॉपेक्षा पकड घट्ट, आणि रनआउट किती ठेवायचा ते आपण ठरवायचं. डायल लावून ०.०१ मिमीच्या आत आणणं रोजच्या कामात सहज जमतं. वेळ लागतो म्हणून लोक त्याला टाळतात, पण वेळ लागतो तो बहुधा पद्धत नसल्यामुळे. आधी चकच्या तोंडावरच्या गोल रेषा बघून जॉ अंदाजे समान ठेवायचे. मग समोरासमोरची एक जोडी घ्यायची, दोन्ही वाचनांमधला फरक बघायचा आणि जॉब त्याच्या निम्मा सरकवायचा. एक जॉ सैल केला की समोरचा तेवढाच कसायचा. ती जोडी जुळली की दुसरी. चारही एकदम छेडले की तासभर गोल गोल फिरत राहतो माणूस. दोन चाव्या असतील तर एक पुढे, एक मागे धरून दोन्ही जॉ एकाच वेळी हलवता येतात, आणि काम निम्म्या वेळात होतं. जॉब लांब असेल तर डायल दुसऱ्या टोकालाही लावायची. तिथला डोल जॉने जात नाही, तांब्याच्या हातोडीने हलके ठोकावं लागतं.

एक्सेंट्रिक, म्हणजे मधल्या अक्षापासून सरकवून कापायच्या, कामाला तर हाच चक. ५ मिमी ऑफसेट हवा असेल तर डायलवर पूर्ण फेरीत १० मिमी दिसायला हवं, एवढं लक्षात ठेवलं की झालं. एका बाजूला वजन जास्त झालेलं असतं, म्हणून स्पीड कमी ठेवायचा.

५सी कोलेट छोट्या पितळी आणि स्टीलच्या पिनांसाठी घेतला आणि त्या कामात तो मला फार आवडला. पृष्ठभागावर जॉचे व्रण पडत नाहीत, पकड चहूबाजूंनी सारखी, आणि बाहेर आलेले जॉ नसल्यामुळे टूल अगदी तोंडाजवळ नेता येतं. मात्र गोल बार साधारण २७ मिमीपर्यंतच, आणि प्रत्येक मापाला वेगळा कोलेट. मापापेक्षा किंचित जाड-बारीक बार घातला तर तो फक्त एका टोकाला धरतो. मापात नेमका नसलेल्या हॉट रोल्ड बारला म्हणूनच हा चक नाही. ज्यांच्याकडे मापं सारखी बदलतात त्यांनी ईआर कोलेटचा विचार करावा. ईआर३२ साधारण २० मिमीपर्यंत जातो आणि प्रत्येक कोलेट १ मिमीपर्यंत आवळतो. त्यात आखूड जॉब धरायचा असेल तर मागच्या बाजूला त्याच व्यासाचा तुकडा घालावा लागतो, नाहीतर कोलेट वाकडा बसतो. आणि कोलेट आधी नटमध्ये खट्कन बसवायचा, मग दोन्ही मिळून मशीनवर.

सॉफ्ट जॉ मी उशिरा वापरायला घेतले आणि दुसऱ्या बाजूच्या कामासाठी आता तेच लावतो. ते मशीनवरच बोअर करतो, मधे एक रिंग किंवा गोल तुकडा पकडून, म्हणजे स्क्रोलमधला सैलपणा प्रत्यक्ष पकडताना असतो त्याच दिशेला दाबलेला राहतो. बोअर जॉबच्या व्यासाइतकाच हवा. लहान झाला तर जॉच्या कडा रुततात, मोठा झाला तर फक्त मधला भाग टेकतो. बरोबर झाला तर पूर्ण कमानीवर पकड मिळते, तयार पृष्ठभागावर डाग पडत नाही आणि पातळ रिंगही पुष्कळ कमी दबते. एकदा जॉ काढले की तो नेमकेपणा गेला. परत लावल्यावर हलका कट घ्यावाच लागतो. दोन-चार नगांसाठी हा खटाटोप मी करत नाही, तिथे चार जॉच बरा.

वेगाबद्दल एक गोष्ट. स्पीड दुप्पट केला की जॉ बाहेर ओढणारा जोर चौपट होतो आणि बाहेरून धरलेल्या जॉबवरची पकड तेवढी घटते. चकवर कोरलेला कमाल स्पीड म्हणूनच पाळायचा, आणि जॉ बॉडीच्या बाहेर बरेच आलेले असतील तर त्याच्याही पुष्कळ खाली राहायचं, कारण तेव्हा स्क्रोलचे मोजकेच दाते जॉला धरून असतात. चावी चकमध्ये असताना हात तिच्यावरून काढायचा नाही. आमच्याकडे स्प्रिंगची चावी आहे, सोडली की आपोआप बाहेर पडते. ज्यांच्याकडे साधी आहे त्यांनी ती बदलून घ्यावी.