चिऱ्याच्या गॅरेजला आतून काय लावलं: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

रत्नागिरीजवळच्या आमच्या घराला दक्षिणेकडून लागून १८ बाय ११ फुटांचं गॅरेज आहे. गाडी विकली तेव्हा तिथे सुतारकामाचा छोटा कारखाना मांडायचं ठरवलं. वडिलांची हत्यारं माळ्यावर पोत्यात गुंडाळलेली होती. तीन रंधे, पटाश्यांचा संच, गुण्या, वाकस, हाताचं गिरमिट. ती भिंतीवर, हाताला येतील अशी टांगायची, एवढीच पहिली इच्छा होती. त्यासाठी भिंतीला आतून काय लावावं, याची शोधाशोध मी दुकानातल्या नमुन्यांपासून सुरू केली. ती भिंतीपासून सुरू करायला हवी होती. आता दोन पावसाळे काढल्यावर सगळं सविस्तर लिहितो आहे, कारण ज्यांच्या घराच्या भिंती जांभ्याच्या आहेत, त्यांचे पैसे तरी वाचावेत.

आमच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या कापलेल्या दगडांच्या आहेत, आतून सिमेंटचा गिलावा आणि बाहेरून चिरा उघडा. जांभा सच्छिद्र असतो. पाऊस लागला की पाणी पितो आणि उघडीप मिळाली की हळूहळू सोडतो. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिमीच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. नैऋत्येचा वारा झड घेऊन येतो, म्हणून आमची पश्चिमेची भिंत सगळ्यात ओली, दक्षिणेची त्याखालोखाल. उत्तरेची भिंत स्वयंपाकघराला लागून, ती कोरडी. पूर्वेला शटर. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. आम्ही दर वर्षी पडवीला पश्चिमेकडून झापा, म्हणजे नारळाच्या विणलेल्या झावळ्या, बांधतोच की! पण पॅनेल निवडताना यातलं काहीच डोक्यात आलं नाही.

मे २०२४ मध्ये मी पश्चिमेच्या भिंतीला पीव्हीसीची पॅनेलं लावून घेतली. दहा इंच रुंदीच्या, एकमेकींत अडकणाऱ्या पट्ट्या. दिसायला स्वच्छ, पाण्याने खराब न होणाऱ्या, आणि एका दिवसात काम पूर्ण. लावणाऱ्याने त्या सिलिकॉनने थेट गिलाव्यावर चिकटवल्या. जुलै संपेपर्यंत गॅरेजमध्ये ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. गणपतीच्या आधी एक पट्टी काढून पाहिली, तर मागे भिंतभर काळी बुरशी होती. गिलाव्यावर क्षाराचा पांढरा लोणा फुटला होता आणि बोट लावलं की गिलाव्याचा भुगा पडत होता. पॅनेलला स्वतःला काहीच झालं नव्हतं. पण दर उघडिपीत आतल्या बाजूनेही वाळणारी भिंत या वेळी वाळूच शकली नव्हती.

दुसरी गोष्ट त्याच वर्षी कळली. मी ग्राइंडरवर पटाश्यांना धार लावतो. ठिणग्या उडून पॅनेलवर तपकिरी डाग आणि मग बारीक खड्डे पडले. पीव्हीसी साधारण ८० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं. वजनाने त्यात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं, त्यामुळे ते जळलं की धुरात हायड्रोजन क्लोराइड येतो. तो छातीला वाईट आणि भिंतीवर टांगलेल्या लोखंडालाही वाईट. बाथरूममध्ये किंवा दुकानाच्या काउंटरमागे ही पॅनेलं खुशाल लावा. जिथे ग्राइंडर किंवा वेल्डिंग आहे तिथे लावू नका, भिंत कितीही कोरडी असली तरी.

सगळी पॅनेलं काढली, सैल गिलावा खरवडला आणि भिंत दिवाळीपर्यंत उघडी ठेवली. आई म्हणाली, ‘‘पूर्वी दर वर्षी भिंतीला चुना लावायचो, तो काय नुसता दिसायला?’’ तिचं बरोबर होतं. चुना भिंतीतली वाफ अडवत नाही, आणि तो अल्कधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशी सहज धरत नाही. पश्चिमेच्या भिंतीला मी तेव्हापासून चुन्याशिवाय काहीही लावलेलं नाही आणि लावणारही नाही.

मग बाकीच्या भिंती तपासल्या. ही तपासणी फुकट आहे आणि प्रत्येकाने करावी. दोन फूट लांबरुंद प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावायचा आणि दोन दिवस ठेवायचा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमलं तर ती हवेतली आहे. भर पावसात केली तर उत्तम. मी ऑक्टोबरमध्ये केली तेव्हाही दक्षिणेच्या भिंतीवर कागदाच्या आतून थेंब होते. उत्तरेचा कागद कोरडा निघाला.

पण हत्यारं टांगायला सोयीची भिंत दक्षिणेचीच. उत्तरेला स्वयंपाकघराचं दार आणि विजेचा बोर्ड आहे. म्हणजे ओल्या भिंतीला धक्का न लावता तिच्यापुढे दुसरी भिंत उभी करायची होती.

कशाची करावी, यावर फार वेळ गेला नाही. जिप्सम बोर्ड स्क्रू धरत नाही आणि दमट हवेत मऊ पडतो. भोकं पाडलेला हार्डबोर्ड एका मित्राकडे पाहिला होता, एका पावसाळ्यात त्याला पोट आलं. टाइल्स पुसायला सोप्या, पण प्रत्येक खुंटीसाठी भोक पाडायचं म्हणजे जिवावर येतं. फणसाच्या फळ्यांचा मोह मात्र खरंच झाला. तो पिवळा रंग, तो वास! पण अखंड लाकूड पावसात रुंदीला फुगतं आणि वैशाखात आकसतं. त्यावर नेमकेपणाने काही बसवलं तर ते हलत राहतं. प्लायवुडमध्ये एकाआड एक थर आडवे-उभे असल्यामुळे हे फार कमी होतं. म्हणून प्लाय घेतलं.

प्लाय घेताना शीटवरचा शिक्का बघा. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस ३०३ लिहिलेल्या शीटमध्ये साधा एमआर (ओलावा-रोधक) दर्जाही येतो, तो आपल्याकडच्या पावसाला पुरेसा नाही. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. त्याच्या चाचणीत नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तरी थर सुटता कामा नयेत. मी ७१० ची १२ मिमी जाडीची, आठ बाय चार फुटांची पाच शीट्स घेतली. एक शीट साधारण २१-२२ किलोचं, दोघांनी आरामात उचलता येतं. भिंत १८ फूट, म्हणजे साडेचार शीट्स लागली. उरलेल्या अर्ध्यात खण केले.

या सगळ्यात खरं काम फ्रेमचं आहे, ते नीट वाचा. भिंतीला आधी चुना लावला. त्यावर २५ मिमी अॅल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या दोन-दोन फुटांवर उभ्या लावल्या. उभ्याच. आडव्या लावल्या तर मागची हवा प्रत्येक पट्टीवर अडते. जमिनीपासून सहा इंच जागा सोडून शीट सुरू केलं, त्यामुळे आठ फुटांचं अख्खं शीट न कापता बसलं आणि वर स्लॅबपर्यंत परत सहा इंच उरले. खालून हवा शिरते, भिंतीचा दमटपणा घेऊन वरून बाहेर पडते. खालच्या मोकळ्या जागेचा दुसरा फायदा असा की शटरखालून पाणी आलं किंवा फरशी धुतली तरी प्लायची कड भिजत नाही.

चिऱ्यात प्लग बसवणं हा वेगळा विषय आहे. आमच्या इलेक्ट्रिशियनने सवयीप्रमाणे हॅमर ड्रिल चालवलं आणि पहिली चार भोकं इतकी सैल झाली की प्लग हाताने बाहेर आले. जांभा कुठे कडक असतो, कुठे मातीसारखा. हॅमर बंद करून नुसतं फिरवून भोक पाडायचं, १० मिमीचं, आणि चार इंच लांबीचा प्लग वापरायचा. दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात भोक पाडू नका, चिऱ्याच्या मधोमध पाडा. भोकातली लाल भुकटी फुंकून साफ करा. सगळ्या नळ्या अशाच धरल्या आहेत आणि अजून एकही प्लग हललेला नाही.

प्लायवर फ्रेंच क्लीट केल्या आहेत. १८ मिमी प्लायची पट्टी ४५ अंशांत लांबीने चिरायची. एक अर्धी भिंतीला, धार वर करून. दुसरी अर्धी हत्याराच्या खणामागे, धार खाली करून. खण नुसता अडकवायचा. वजन जितकं जास्त तितका तो भिंतीला घट्ट बसतो. पहिले दोन महिने मी रोज काहीतरी इकडचं तिकडे हलवत होतो. रंधे आधी डोक्याच्या उंचीवर होते, ते आता टेबलाच्या लगेच वर आहेत. करवती दाराजवळ गेल्या. ज्याला आपली मांडणी अजून नक्की माहीत नाही त्याने हीच पद्धत घ्यावी. भिंतीला नवं भोक पडत नाही.

तक्रारीही सांगायला हव्यात. क्लीटच्या प्रत्येक वरच्या धारेवर भुसा बसतो आणि दमट दिवसांत तो चिकटतो. दर आठवड्याला ब्रश फिरवावा लागतो. मागच्या पोकळीमुळे रंध्याचं मशीन चालू झालं की भिंत ढोलासारखी घुमते. शेजारच्या काकू दुपारच्या झोपायच्या वेळी ते ऐकू येतं म्हणाल्या, तेव्हापासून मशीन चारनंतरच लावतो. आणि प्लाय तसंच ठेवलं तर खोली काळवंडते. मी नुसतं पॉलिश केलं होतं, मग टेबलामागच्या दोन शीट्सना पांढरा रंग दिला. पटाशीच्या धारेवरची रेघ आता दिवा जवळ न आणता दिसते.

ग्राइंडरच्या कोपऱ्याला, म्हणजे उत्तरेच्या भिंतीच्या टोकाला, ८ मिमीचे दोन सिमेंट बोर्ड लावले. ठिणग्यांनी त्यांना काही होत नाही, वाळवी लागत नाही आणि किंमत मरीन प्लायच्या जवळपास निम्मी. पण एका शीटचं वजन तीस किलोच्या पुढे जातं, आणि कडेपासून इंचभराच्या आत स्क्रू मारला तर कोपरा तुटतो. माझा एक तुटला. कापताना उडणारी धूळ सिलिकाची असते, ती फुप्फुसात राहते. अंगणात, मास्क लावून आणि पाणी शिंपडतच कापा. यावर जड काही टांगू नका. मी फक्त चष्मा आणि हातमोज्यांची खुंटी ठेवली आहे.

२०२५ साली मान्सून २५ मेलाच तळकोकणात उतरला. आगोटीची, म्हणजे पावसाआधीची कामं अर्धवट, झापा बांधायच्या राहिलेल्या, आणि माझी नवी भिंत सरळ परीक्षेला बसली. जुलैत आतली आर्द्रता काट्यावर ८५ ते ९० टक्के होती. एवढ्या दमट हवेत लोखंड गंजणारच, ते कोणतंही पॅनेल थांबवत नाही. रंध्यांच्या पात्यांना शिलाई मशीनचं तेल पुसून ठेवलं. एका पटाशीचं राहून गेलं, तिला ठिपके आले आणि ते घासून काढावे लागले. पण तो ओल्या गोणपाटाचा वास एकदाही आला नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. मोकळी पोकळी फक्त हवेसाठी मोकळी राहत नाही. जूनमध्येच कुंभारीण माशीने वरच्या फटीत मातीची घरटी केली आणि खालून मुंग्यांची रांग आत जायला लागली. फटी वरखाली स्टीलच्या बारीक जाळीने बंद केल्या, हवा जाते आणि किडे जात नाहीत. फ्रेम करतानाच जाळी लावली असती तर दोन रविवार वाचले असते.

परवा, ऑक्टोबरची उन्हं पडल्यावर, कोपऱ्यातलं एक शीट मुद्दाम उघडलं. शीट्स चिकटवलेली नाहीत, प्रत्येकी चौदा स्क्रूंवर आहेत, ते याच दिवसासाठी. मागचा चुना कोरडा होता. हात फिरवला तर बोटांना पांढरी पूड लागली, ओल नाही. प्लायची पाठ स्वच्छ होती. खालच्या कडेला, जिथे मी रंगाचा हात द्यायचा विसरलो होतो, तिथे बोटभर रुंदीचा काळसर पट्टा होता. तो घासला, दोन हात ऑइल पेंट दिला, वाळू दिला आणि संध्याकाळी शीट परत बसवलं. बाकीच्या साडेतीन शीट्सच्या खालच्या कडा या रविवारी रंगवायच्या आहेत.