चरबीच्या टक्क्यावर ३१ हजार गेले, सोलापूरकरांनो सावध राहा

जुळे सोलापुरात सकाळी फिरायला निघालं की "मोफत बॉडी चेकअप" म्हणून हाक मारणारे भेटतात, पुढं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. मलाही माहीत होतं. तरी गेलो, कारण वडलांना शुगर, मोठ्या भावाची अँजिओप्लास्टी झालेली, माझं वय ४४, भीती होती मनात. हाव नव्हती ओ.

अनवाणी काट्यावर उभं केलं, प्रिंट दिली. वजन ८२.४, फॅट ३४.६ टक्के, बॉडी एज ५८. रजिस्ट्रेशन ५००, तीन महिन्यांचं पावडरचं पॅकेज १८,५००, सगळं कॅम्पवाल्याच्या पर्सनल नंबरवर. पक्कं बिल मागा, नाही म्हणाला तर तिथूनच उठा, मी उठलो नाही.

महिन्यानं परत मोजलं, वजन ८१.९, फॅट २७.१! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, माझा फोटो काढला आणि "रिझल्ट येतोय सर, अपग्रेड करा" म्हणून आणखी १२,००० घेतले.

तिथंच कळायला पाहिजे होतं. मी टॉवेलच्या कारखान्यात वीस वर्षं हिशोब बघतो. ८२.४ चे ३४.६ टक्के म्हणजे साडेअठ्ठावीस किलो चरबी, ८१.९ चे २७.१ म्हणजे बावीस. सव्वासहा किलो चरबी गेली म्हणे आणि वजन उतरलं अर्धा किलो, मग पावणेसहा किलो मांस महिन्यात अंगावर चढलं का? तालमीतल्या पोरांना चढत नाही. दोन्ही कागद हातात होते, पहिल्यावर माझी उंची १६५ छापलेली, खरी १७३, तेही वाचलं आणि टायपिंगची चूक असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या वेळी त्यानं अ‍ॅथलीट मोड, म्हणजे खेळाडूंसाठीचं सेटिंग, ज्यात टक्का कमी दिसतो, लावला होता, हे तिथं काम सोडलेल्या पोरानं नंतर सांगितलं. आठवलं की अजून झोप उडते.

हा काटा चरबी मोजतच नाही. पायातून बारीक करंट सोडतो, पाण्यातून तो सहज जातो, चरबीत अडतो, त्यावरून वय, उंची घालून फॉर्म्युल्यानं अंदाज काढतो. उंची खोटी घातली की टक्का खोटा. आपल्या उन्हात घाम गाळून आलात किंवा तांब्याभर पाणी पिऊन गेलात तरी आकडा हलतो. कॅलिपरनं कातडी चिमटीत धरून मोजतात ते मोजणाऱ्याच्या हातावर. शेवटी पुण्यात डेक्सा केलं, दोन वेगळ्या एनर्जीच्या एक्स-रेनं हाडं, चरबी वेगवेगळी दिसतात, ३०.८ आलं. त्यातही एखाददुसरा टक्का इकडंतिकडं होतोच, पण कॅम्पवाल्याचे दोन्ही आकडे खोटे होते हे कळायला तेवढं पुरे.

पोलिसांत गेलो तर "पावडर मिळाली ना, मग फसवणूक कसली?" हेल्पलाइनवाले म्हणाले तुम्ही समोर बसून पैसे दिले, हा सायबर फ्रॉड नाही. एका ऑफिसात म्हणे काटा वजन बरोबर दाखवतो, टक्का आमच्यात येत नाही, दुसऱ्यात म्हणे पावडरच्या डब्यावर परवान्याचा नंबर आहे, आम्ही काय करणार. चार हेलपाटे, तीन रजा, एकानंही कागद हातात घेऊन बेरीज-वजाबाकी केली नाही! मग चरबीचा टक्का येतो कुणात, कोण सांगणार?

पहिली प्रिंट फेकू नका, फोटो काढून ठेवा. एकाच सकाळी दोनदा मोजायला लावा, उंची तुमच्यासमोर टाकायला लावा. नाहीतर साधी टेप घ्या, कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटर, बायकांची ८०, त्याच्यावर गेली तर सरळ डॉक्टरकडं जा. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, मी अर्ज टाकलाय. त्याचा कॅम्प अजून रोज सकाळी सहाला लागतो.